हॉलो-बॉडी बेसचं पिकअप: बदलण्याआधी आणि बदलताना

इंदूरच्या ऑर्केस्ट्रांत जुनी हिंदी गाणी वाजवणाऱ्या तरुण बेसवाल्यांना सध्या पोकळ बेसची, म्हणजे हॉलो-बॉडी बेस गिटारची, हौस आहे. कुणी व्हायोलिनच्या आकाराचा घेतो, कुणी एफ-होलवाला (वरच्या लाकडात f अक्षरासारख्या फटी असलेला). थोड्या दिवसांनी तक्रार ठरलेली: आवाज गुळमुळीत येतो, ढोलक सुरू झाली की बेस गायब, पिकअप (तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा चुंबकी भाग) बदलायचंय, कुठलं घेऊ? माझं उत्तर कुणालाच आवडत नाही. अजून काहीच घेऊ नका. आधी आहे ते पिकअप नीट ऐका, मोजा, त्याची उंची लावा. त्यानंतरही ते नकोसं वाटलं तर सोल्डरिंग आयर्न तापवा. पुष्कळ वेळा दोष तारांचा, उंचीचा किंवा लांबलचक केबलचा निघतो आणि पिकअप बिचारं फुकट बदनाम होतं.

हातात काय आहे ते ओळखा

आज बाजारात मिळणारे जुन्या धर्तीचे पोकळ बेस मुख्यतः दोन घराण्यांचे आहेत. पहिलं हॉफ्नर ५००/१ चं. व्हायोलिनच्या आकाराचा हा जर्मन बेस १९५६ च्या सुमारास आला. तो पूर्ण पोकळ, वजनाला हलका आणि ३० इंच स्केलचा (स्केल म्हणजे तारेची वाजणारी लांबी). बीटल्सच्या पॉल मॅकार्टनींनी १९६१ मध्ये हॅम्बुर्गला घेतलेल्या बेसवर दोन्ही पिकअप नेकच्या (बोटं दाबायच्या दांड्याच्या) बाजूला जवळजवळ होते. त्यांच्या १९६३ च्या बेसवर दुसरं पिकअप ब्रिजकडे (बॉडीवर तारा टेकतात त्या घोडीकडे) सरकलेलं दिसतं. आज मिळणाऱ्या बहुतेक नकला या दुसऱ्या मांडणीच्या असतात.

दुसरं घराणं गिब्सन ईबी-२ चं. १९५८ चा हा बेस दिसायला पोकळ, पण आत मधोमध लाकडाचा ठोकळा आहे, त्यामुळे फीडबॅक (स्पीकरच्या आवाजाने बेसमधून उठणारी शीळ) कमी. स्केल साडेतीस इंच. नेकला चिकटून बसवलेल्या त्याच्या जाडजूड हंबकरला (दोन कॉइलच्या पिकअपला) लोकांनी ‘मडबकर’, म्हणजे चिखलाचा हंबकर, हे नाव दिलं, ते उगाच नाही. त्याचा रेझिस्टन्स ३० किलोओमच्या आसपास असतो, साध्या बेस पिकअपच्या कितीतरी पट.

यांच्याखेरीज गिल्डचा १९६५ चा स्टारफायर बेस आहे. त्यावर स्वीडनच्या हॅगस्ट्रॉम कंपनीचं बाय-सॉनिक नावाचं सिंगल कॉइल (तारेचं एकच वेटोळं असलेलं) पिकअप यायचं. जॅक कॅसेडी (जेफरसन एअरप्लेन) आणि फिल लेश (ग्रेटफुल डेड) या अमेरिकन बेसवादकांनी आपापले स्टारफायर अलेम्बिक या कंपनीच्या लोकांकडून उघडून घेतले, आतली इलेक्ट्रॉनिक्स बदलली, आणि बेसमध्ये फेरफार करण्याची एक परंपराच तिथून पुढे गेली. तेव्हा बेस उघडणं म्हणजे पाप नव्हे. फक्त अस्सल जुना बेस हाती असेल तर त्याच्या मूळ पिकअपला हात लावू नका. या लेखातले सगळे प्रयोग नव्या, स्वस्त बेसवर करायचे आहेत.

एक मल्टिमीटर, आणि त्यावर किती विश्वास ठेवायचा

महाराणी रोडवर साधा डिजिटल मल्टिमीटर, सोल्डर वायर, मगर क्लिप, पॉट (आवाज किंवा टोन कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालचा भाग), कपॅसिटर सगळं एकाच फेरीत मिळतं. पाव इंची जॅक मागताना ‘पी-३८’ म्हणा, दुकानदार लगेच काढून देतो. बेस उघडायची गरजच नाही. केबल लावा, दुसऱ्या टोकाच्या पिनचं टोक आणि दांडा यांवर मीटरच्या काड्या टेकवा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा आणि एका वेळी एकच पिकअप चालू ठेवा. जो आकडा येईल तो पिकअप आणि व्हॉल्यूम पॉट यांचा मिळून असतो. ८ किलोओमचं पिकअप ५०० किलोओमच्या पॉटसह साधारण ७.९ दाखवेल. हे चालतं.

हॉफ्नर घराण्याच्या बेसवरच्या सरकत्या स्विचेसवर ‘बेस ऑन’, ‘ट्रेबल ऑन’ असं लिहिलेलं असतं. त्या लेबलांवर विसंबू नका. अॅम्प लावून स्क्रूड्रायव्हरने एकेका पिकअपच्या पोलवर (तारेखालच्या चुंबकी खुंटीवर) हलकं टिचकी मारा. ज्याचा ‘टक’ मोठा येईल ते चालू.

आता विश्वासाचा मुद्दा. ‘याचा रेझिस्टन्स जास्त, म्हणजे आवाज दमदार’ हे वाक्य तुम्हाला शंभर वेळा ऐकू येईल. रेझिस्टन्स फक्त इतकंच सांगतो की तांब्याची तार किती लांब आणि किती बारीक आहे. शिवाय तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर दर अंशाला सुमारे ०.४ टक्के बदलतो. २० अंशांना ८ किलोओम असलेलं पिकअप इंदूरच्या जानेवारीतल्या १० अंशांच्या सकाळी ७.७ दाखवेल आणि मे महिन्यातल्या ४२ अंशांच्या दुपारी ८.७. आवाजात फरक शून्य. म्हणून दोन पिकअपची तुलना करायची तर दोन्ही एकाच खोलीत, एकाच वेळी मोजा आणि आकडा तारखेसह लिहून ठेवा. या आकड्याचा खरा उपयोग पुढे आहे. पिकअपची तार तुटली की मीटर नुसत्या पॉटचा मोठा आकडा दाखवतो, आणि आतून शॉर्ट झालं की आकडा एकदम घसरतो.

आवाजाचा पोत ठरवणारी गोष्ट इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला कॉइलने केलेला विरोध, हेन्रीत मोजतात). पिकअपचा इंडक्टन्स आणि केबलची कपॅसिटन्स मिळून एक शिखर तयार होतं. त्याच्या आसपास आवाज उठतो आणि पलीकडे झपाट्याने मरतो. समजा पिकअप ४ हेन्रीचं आहे आणि केबल मीटरला १०० पिकोफॅरडची. ३ मीटर केबलवर हे शिखर सुमारे ४६०० हर्ट्झला येतं, १० मीटर केबलवर २५०० च्या जवळ. म्हणजे केबल बदलली तरी ‘पिकअप बदललं’ असं वाटू शकतं. मडबकरचा इंडक्टन्स याहून खूप जास्त, म्हणून त्याचं शिखर बरंच खाली येतं आणि वरचं काही उरतच नाही.

थोडक्या खर्चाचे बदल

सर्वांत आधी तारा. फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या) आणि राउंडवाउंड (गोल तारेने गुंडाळलेल्या) तारांतला फरक बहुतेक पिकअपमधल्या फरकापेक्षा मोठा आहे. जुन्या गाण्यांचा गोल, लवकर विरणारा आवाज हवा असेल तर फ्लॅटवाउंड लावा. काळ्या नायलॉन टेपच्या तारांच्या आत धातूच असतो, त्या मॅग्नेटिक पिकअपवर चालतात. अकूस्टिकच्या कांस्य तारा मात्र लावू नका, पिकअपला त्या अर्धवटच कळतात. आणखी एक खबरदारी: हॉफ्नर घराण्याच्या बेसना मागे ट्रॅपीझ टेलपीस (तारा अडकवायची धातूची चौकट) असतो. त्यामुळे ३० इंच स्केल असलं तरी तारेचा टोकाच्या गुंडीपासून नटपर्यंतचा (नेकच्या वरच्या टोकाच्या खाचपट्टीपर्यंतचा) भाग बराच लांब लागतो. मोजून मगच पाकीट फोडा.

मग उंची. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि तारेच्या खालच्या कडेपासून पोलपर्यंत अंतर मोजा. जाड तारेखाली ३ मिलिमीटर, बारीक तारेखाली अडीच, इथून सुरुवात करा. पिकअप वर आणलं की आवाज मोठा होतो, पण तारेवर चुंबकाचा ओढा वाढतो आणि नोट लवकर दबते. खाली नेलं की आवाज लहान पण मोकळा. मडबकरच्या बाबतीत मी त्याला बिनधास्त खाली नेतो आणि अॅम्पचा गेन वाढवतो. अर्धी ‘चिखलाची’ तक्रार तिथेच संपते. व्हायोलिन बेसच्या काही पिकअपना उंचीचे स्क्रू नसतात. तिथे फ्रेमखाली पातळ प्लॅस्टिकची पट्टी किंवा फोमचा तुकडा सारून काम होतं.

पिकअप कुठे बसलंय हे मात्र तुम्ही बदलू शकत नाही, आणि खरं तर आवाज तिथेच ठरतो. ब्रिजपासून तारेच्या बरोबर चौथ्या हिश्श्यावर पिकअप असेल तर मोकळ्या तारेचा चौथा हार्मोनिक त्याला ऐकूच येत नाही, कारण तिथे तार त्या कंपनात स्थिर असते. ३० इंच म्हणजे ७६२ मिलिमीटर स्केलवर ही जागा ब्रिजपासून सुमारे १९० मिलिमीटरवर. नेकजवळ दुसरं कितीही महाग पिकअप बसवा, ते ब्रिजजवळच्यासारखं वाजणार नाही. म्हणून ‘नेकचं पिकअप बदलून कडक आवाज मिळेल का’ या प्रश्नाला माझं सरळ उत्तर: नाही. ब्रिजचं पिकअप वापरायला शिका. आणि त्यासाठी वरच्या लाकडात नवा खड्डा पाडायचा विचार करत असाल तर पातळ प्लायवूड आणि आतल्या आधारपट्ट्या आठवा. कापाकापी नको.

तुलना कशी करायची

इथे घाई करणारे लोक फसतात. एक पिकअप सोमवारी ऐकलं, दुसरं पुढच्या रविवारी नव्या तारांसह ऐकलं आणि निकाल लागला. कानाला आवाजाचा पोत इतके दिवस लक्षात राहत नाही. तुलना करायची ती रेकॉर्ड करून.

बेस थेट ऑडिओ इंटरफेसमध्ये (वाद्य संगणकाला जोडणाऱ्या डबीत) लावा, अॅम्प नको, इफेक्ट नको. फोनवर रेकॉर्डिंग करू नका, फोन आपणहून आवाज चढवतो-उतरवतो. ऑडॅसिटीसारखं फुकट सॉफ्टवेअर पुरेसं आहे. केबल तीच, टोन पूर्ण उघडा, तारा त्याच, बोट त्याच जागी. कुठे वाजवायचं त्याची खूण बॉडीवर मास्किंग टेपने करा, कारण बोट दोन इंच सरकलं की दुसरंच पिकअप ऐकतोय असं वाटतं. प्रत्येक वेळी एकच छोटा पाठ वाजवा: चारही मोकळ्या तारा पूर्ण विरेपर्यंत, मग एक साधी चाल, मग तळहाताने दाबून तीच चाल, शेवटी बाराव्या फ्रेटवर काही नोट. पहिल्या भागातून सस्टेन (नोट किती वेळ टिकते) कळतो, दाबलेल्या चालीतून पिकअपची मूळ जात.

मग आवाज बरोबरीला आणा. हा टप्पा गाळला तर बाकीचं सगळं वाया. दोनपैकी जरा मोठा आवाज कानाला नेहमी ‘चांगला’ वाटतो, मग तो कशाचाही असो. दोन्ही फाइलींची सरासरी पातळी एक डेसिबलच्या आत आणा. त्यानंतर घरातल्या कुणाला तरी फाइलींना ‘क’ आणि ‘ख’ अशी नावं द्यायला सांगा आणि कुठली कुठली ते तुम्हाला कळू देऊ नका. फरक ऐकू येत नसेल तर पैसे वाचले.

एवढ्यावर थांबू नका. एकट्या बेसचा सुंदर आवाज गाण्यात बुडू शकतो. ढोलक, ऑक्टोपॅड आणि कीबोर्डचा डावा हात असलेला एखादा ट्रॅक खाली लावून दोन्ही फाइली पुन्हा ऐका. एकट्यात नाकातून बोलल्यासारखं वाटलेलं ब्रिजचं पिकअप इथे बहुधा जिंकतं.

पिकअप न बदलता वायरिंगमध्ये काय करता येतं

मडबकरसाठी सर्वांत स्वस्त प्रयोग म्हणजे सिग्नलच्या वाटेत एक छोटा कपॅसिटर. पिकअपची गरम वायर व्हॉल्यूम पॉटवरून सोडवा आणि दोघांच्या मध्ये ४.७ नॅनोफॅरडचा कपॅसिटर घाला. पॉट ५०० किलोओमचा आणि अॅम्पचं इनपुट १ मेगाओमचं धरलं तर सुमारे १०० हर्ट्झच्या खालचा भाग हळूहळू कमी होतो. आधी हे मगर क्लिपने करा, ऐका, पटलं तरच सोल्डर करा. २.२ लावलात तर आवाज फारच पातळ होतो. दोन पिकअप असलेल्या बेसवर हा बदल फक्त नेकच्या पिकअपला करा.

दुसरा उपाय हंबकरच्या दोन कॉइल सिरीजमधून पॅरललमध्ये आणणं. दोन्ही कॉइल सारख्या असतील तर इंडक्टन्स आणि रेझिस्टन्स दोन्ही साधारण चौथ्या हिश्श्यावर येतात, आवाज लहान होतो पण वरचा भाग उघडतो. यासाठी पिकअपमधून चार वायर बाहेर आलेल्या असायला हव्यात. दोनच असतील तर आतला जोड उघडावा लागतो. केसापेक्षा बारीक तार असते ती. नवख्याने त्यात पडू नये. आणि चार वायरींचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, तेव्हा दुसऱ्या कंपनीचा नकाशा बघून जोडू नका.

पॉट बदलून होणारा फरक बारीक असतो: २५० किलोओमने वरचं टोक जरा मऊ, ५०० ने जरा उघडं. खरखरणारा पॉट बदलण्याआधी कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बघा.

तरी बदलायचंच ठरलं तर

विकत घेण्याआधी तीन मापं घ्या: फ्रेमची लांबी-रुंदी, आत किती खोली आहे, आणि पहिल्या तारेपासून चौथ्या तारेपर्यंत पिकअपच्या जागेवर किती अंतर आहे. या बेसवर तारा जवळजवळ असतात. मोठ्या बेसचं पिकअप घेतलं तर पोल तारांखाली येत नाहीत आणि कडेच्या तारा दबक्या वाजतात. सलग पट्टीचं पिकअप असेल तर ही अडचण येत नाही.

१. सगळ्या जोडण्यांचे भरपूर प्रकाशात फोटो काढा.

२. हॉफ्नर घराण्याच्या बेसचा ब्रिज चिकटवलेला नसतो, फक्त तारांच्या दाबाने उभा असतो. तारा सैल करण्याआधी त्याच्या दोन्ही पायांभोवती मास्किंग टेपची चौकट करा. हे केलं नाही तर नंतर सगळे सूर चुकतील आणि दोष नव्या पिकअपवर जाईल.

३. हॉफ्नरसारख्या बेसवर कंट्रोल असलेली पट्टी स्क्रू काढून वर येते, काम सोपं. ईबी-२ सारख्या बेसवर पॉट एफ-होलमधून बाहेर काढावे लागतात. नट काढण्याआधीच प्रत्येक पॉटच्या दांड्याला आणि जॅकला मजबूत दोरा बांधा. दोऱ्याचं दुसरं टोक बाहेर टेपने चिकटवून ठेवा. परत बसवताना तोच दोरा ओढला की पॉट आपल्या भोकात येतो. दोरा न बांधता पॉट आत ढकलणाऱ्याची संध्याकाळ बेस उलटा धरून हलवण्यात जाते.

४. सोल्डर करताना पंखा बंद. वाऱ्याने आयर्न थंड पडतो आणि जोड कच्चा राहतो. धूर तोंडावर घेऊ नका, खिडकी उघडी ठेवा, काम झालं की हात धुवा. वायरींसाठी २५ वॉटचा आयर्न चालतो, पण पॉटच्या पाठीवर तो कमी पडतो. तिथे ४० वॉटचा घ्या आणि पटकन उरका. खाली वॉर्निशवर थेंब पडू नये म्हणून जुना टॉवेल पसरा.

५. सगळं आत कोंबण्याआधी अॅम्पला लावून पोलवर टिचकी मारून बघा. दोन्ही पिकअप, सगळे स्विच.

६. टेलपीसपासून जॅकच्या बाहेरच्या भागापर्यंत मल्टिमीटरने कंटिन्युइटी (जोड अखंड आहे का) तपासा. टेलपीसची अर्थिंग वायर या कामात हमखास सुटते.

७. तारा चढवा, ब्रिज टेपच्या चौकटीत आणा. बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक आणि तिथेच दाबलेली नोट ट्यूनरवर सारखी आली पाहिजे. दाबलेली नोट चढी येत असेल तर ब्रिज टेलपीसकडे सरकवा.

दोन्ही पिकअप एकत्र चालू केल्यावर आवाज एकदम किरकोळ, पोकळ झाला तर फेज उलटी आहे. मीटर ओमवर ठेवून प्रत्येक पिकअपच्या पोलवर स्क्रूड्रायव्हर टेकवा आणि झटकन उचला. आकडा क्षणभर वर उडी मारतो किंवा खाली. दोन्ही पिकअप एकाच दिशेला उडी मारायला हवीत. तसं होत नसेल तर एका पिकअपच्या दोन वायरी उलटवा. धातूचं कव्हर त्याच अर्थ वायरला जोडलेलं असेल तर आधी कव्हरची अर्थिंग वेगळी करा, नाहीतर कव्हरला हात लागताच गुणगुण सुरू होईल.

गुणगुण, शॉक आणि शीळ

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. बेसच्या जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी ४९ हर्ट्झचा. म्हणजे सिंगल कॉइलची गुणगुण बरोबर या नोटच्या शेजारी बसते आणि जी लांबवला की दोघांचा मिळून हेलकावा ऐकू येतो. सिंगल कॉइल पारखताना हा जी जरूर धरून बघा. गुणगुण तारांना हात लावल्यावर कमी होत असेल तर बेसची अर्थिंग ठीक आहे. गणेशोत्सवाच्या मांडवात डिमर आणि एलईडी माळांशेजारी उभं राहायचं असेल तर हंबकरच बरा, हे माझं मत.

पण तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर तो पिकअपचा प्रश्न नाही. मांडवातल्या तात्पुरत्या वायरिंगमध्ये अर्थिंग नसणं नवीन नाही. मीटर एसी व्होल्टवर लावून माइकची जाळी आणि बेसच्या तारा यांच्यातला दाब मोजा. काही व्होल्टहून जास्त दिसला तर वाजवू नका. आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. ओठ माइकला आणि बोटं तारांना, यातून जीव गेलेला आहे.

पोकळ बेसची शीळ दोन प्रकारची. गोल घुमणारी शीळ लाकडाच्या पोकळीतून येते. अॅम्पसमोरून बाजूला व्हा, एफ-होलमध्ये फोमचा तुकडा बसवा. कर्कश किंचाळी पिकअपच्या सैल वेटोळ्यांतून किंवा सैल कव्हरमधून येते. पेनच्या प्लॅस्टिक टोकाने पिकअपवर ठोका. अॅम्पमधून मोठा, कोरडा आवाज आला तर मेणात बुडवण्याचा विचार करा. चार भाग पॅरॅफिन, एक भाग मधमाशांचं मेण, पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून, ६५ अंशांच्या आसपास, थर्मामीटर बुडवून. उघड्या ज्योतीवर कधीही नाही. ७० च्या वर गेलात तर प्लॅस्टिकचा बॉबिन (तार गुंडाळलेली रीळ) वाकू शकतो. बुडबुडे यायचे थांबले की बाहेर काढा. थोडा मायक्रोफोनिकपणा (ठोके आणि कंपनं उचलण्याची सवय) राहू द्या, पोकळ बेसचा श्वास त्यातच असतो.

काढलेलं जुनं पिकअप फ्रेम, स्क्रू आणि मोजलेल्या आकड्यांच्या चिठ्ठीसकट एका डबीत ठेवा. बेस विकायची वेळ आली तर घेणारा आधी तेच मागतो.